कॅलिग्युलाच्या तीन बहिणींचं नाणं

रोमच्या टांकसाळीने जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर पहिल्यांदा उमटवला तो इ.स.पू. ४४ मध्ये, ज्युलियस सीझरचा. ते नाणं चांदीचं होतं. पुढे पहिला सम्राट ऑगस्टस याने चलनाची घडी नव्याने बसवली तेव्हा सेस्टर्शियस आणि ड्युपॉन्डियस ही नाणी पितळेची झाली आणि ॲस तांब्याचं. आज या सगळ्यांना सरसकट कांस्य नाणी म्हणायची रीत पडली आहे. चार ॲसचा एक सेस्टर्शियस, चार सेस्टर्शियसांचा एक चांदीचा डिनेरियस. किमतीने किरकोळ, पण सेस्टर्शियस सुमारे २५ ग्रॅम वजनाचं, चांगलं रुंद नाणं. चित्राला भरपूर जागा.

ऑगस्टसनंतरचा सम्राट तिबेरियस याच्या काळात या जागेवर राजघराणं दिसू लागलं. इ.स. २२-२३ च्या एका सेस्टर्शियसवर त्याचा मुलगा ड्रुसस याची जुळी बाळं आहेत: फळाफुलांनी भरलेल्या दोन शिंगांमधून वर आलेली दोन चिमुकली डोकी. गादीला वारस आहेत, हे लोकांना सांगायचं होतं. २३ मध्ये ड्रुसस मेला आणि त्या दोघांतलं एक मूलही.

३७ मध्ये कॅलिग्युला सम्राट झाला. त्याच्या नावावर ना लढाई ना कारभार. भांडवल काय ते घराण्याचं. आई थोरली ॲग्रिपिना तिबेरियसच्या राज्यात पांडातेरिया बेटावर हद्दपारीत मेली होती. त्याने तिच्या अस्थी रोमला आणल्या आणि तिच्या स्मरणार्थ सेस्टर्शियस काढलं, मागच्या बाजूला खेचरं जुंपलेली गाडी. आईचे वडील ॲग्रिपा यांचं ॲस तर इतकं पाडलं गेलं की संग्राहकांना ते आजही सहज मिळतं.

नवल मात्र बहिणींच्या नाण्याचं. पुढच्या बाजूला कॅलिग्युला, मागे धाकटी ॲग्रिपिना, ड्रुसिला आणि ज्युलिया तिघी उभ्या, सुरक्षा, एकोपा आणि भाग्य या देवतांच्या रूपात, आणि शेजारी प्रत्येकीचं नाव. हयात स्त्रियांची चित्रं नावानिशी रोमच्या टांकसाळीच्या नाण्यावर अशी उघड घालणं तोवर झालंच नव्हतं. एकोपा झालेली ड्रुसिला ३८ मध्ये वारली. पुढच्याच वर्षी कटाच्या आरोपाखाली त्याने उरलेल्या दोघींना हद्दपार केलं. सुरक्षा आणि भाग्य, दोन्ही बेटांवर!

४१ मध्ये त्याचा खून झाला. रोमन इतिहासकार डायो कॅसियस लिहितो की ४३ मध्ये सेनेटने त्याचा चेहरा असलेली कांस्य नाणी वितळवायला लावली, आणि त्या धातूतून पुढचा सम्राट क्लॉडियस याची बायको मेसालिना हिने म्नेस्टर नावाच्या नटाचे पुतळे करून घेतले.