मगवंप

मगवंप : अमेरिकेच्या 1884 च्या अध्यक्षीय निवडणुकीत आपल्याच पक्षाचे उमेदवार जेम्स जी. ब्लेन यांना नाकारून डेमोक्रॅटिक पक्षाच्या ग्रोव्हर क्लीव्हलँड यांना पाठिंबा देणाऱ्या रिपब्लिकनांना पडलेले नाव. मराठीत त्यांना ‘पक्षांतर करणारे’ म्हणता येत नाही, कारण त्यांपैकी अनेकांनी डेमोक्रॅटिक पक्षात प्रवेश केला नाही. ‘तटस्थ’ म्हणणे तर साफ चूक. त्यांनी बाजू घेतली होती आणि तीही चारचौघांत.

शब्दाचे मूळ उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींच्या आल्गाँक्वियन कुळातील मॅसॅच्युसेट भाषेत आहे, याबद्दल आता फारसा मतभेद नाही. धर्मप्रसारक जॉन एलियट यांनी त्या भाषेत केलेल्या बायबलच्या भाषांतरात (1663) उत्पत्तीच्या 36 व्या अध्यायातील एदोमी सरदारांसाठी ‘मगक्वॉम्प’ हा शब्द येतो. युद्धनेता, नायक असा त्याचा अर्थ असावा. तिथून तो इंग्रजीत कसा शिरला, हे मात्र नीट जुळत नाही. साधारण 1830 च्या दशकापासून ‘बडे प्रस्थ’ अशा थट्टेच्या अर्थाने तो छापील मजकुरात दिसतो. 1884 मध्ये चार्ल्स डेना यांच्या ‘न्यूयॉर्क सन’ या वृत्तपत्राने तो या बंडखोरांना चिकटवला, तो रुळवण्याचे श्रेय सामान्यतः याच पत्राला देतात. ‘तोंड (मग) कुंपणाच्या एका बाजूला, बूड (वंप) दुसऱ्या बाजूला’ ही व्युत्पत्ती लोकप्रिय असली तरी ती नंतरची कोटी आहे. तिच्यामुळे शब्दाला डळमळीतपणाचा अर्थ चिकटला, हा या लोकांवर अन्यायच होय.

रेल्वे कंपनीच्या रोख्यांच्या व्यवहारात ब्लेन यांनी पदाचा लाभ उठवल्याचा आरोप 1876 पासून होता. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांची आणखी पत्रे बाहेर आली. त्यांतील एकावर ‘हे पत्र जाळून टाका’ अशी सूचना होती. माजी मंत्री कार्ल शुर्झ, संपादक जॉर्ज विल्यम कर्टिस व ई. एल. गॉडकिन यांच्यासारख्यांनी याआधीच पक्षाची साथ सोडली होती. ‘हार्पर्स वीकली’ हे साप्ताहिक आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ही क्लीव्हलँड यांच्या बाजूने गेले. सरकारी नोकऱ्या कार्यकर्त्यांत वाटण्याची प्रथा मोडावी, हा या मंडळींचा जुना आग्रह. क्लीव्हलँड यांच्यावर विवाहबाह्य अपत्याचा आरोप झाला, तेव्हा मगवंपांनी खासगी वर्तनापेक्षा सार्वजनिक सचोटीला जास्त वजन दिले. थिओडोर रूझवेल्ट (पुढे अध्यक्ष) आणि हेन्री कॅबट लॉज या तरुण रिपब्लिकनांना ब्लेन पसंत नव्हते, तरी ते पक्षातच राहिले.

या बंडाचे मोल कळायला तेव्हाची मतदानाची रीत पाहावी लागते. मतपत्रिका सरकार नव्हे, पक्ष छापत. आपल्या उमेदवारांची नावे छापलेले कागद कार्यकर्ते केंद्राबाहेर हातात देत. बऱ्याच ठिकाणी त्यांचा रंग वा आकार असा असे, की कोणाचा कागद पेटीत पडतो ते उभ्या माणसांना दिसे. एखादे नाव नको असेल तर ते खोडायचे किंवा त्यावर डिंक लावलेली दुसऱ्या नावाची पट्टी चिकटवायची. शेजारी, मालक, पक्षाचा माणूस यांच्या नजरेखाली हे करायला धैर्य लागे. सरकारने छापलेल्या मतपत्रिकेवर गुप्त मतदानाचा कायदा मॅसॅच्युसेट्सने 1888 मध्ये केला. त्याचा मसुदा करणारे रिचर्ड हेन्री डेना (तिसरे) याच सुधारक वर्तुळातले.

मगवंपांनी निकाल फिरवला काय, हा वादाचा विषय आहे. न्यूयॉर्कची 36 निर्वाचक मते (अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याच्या वाट्याला येणारी मते) निर्णायक ठरली आणि एकूण 219 विरुद्ध 182 असा निकाल लागला. त्या राज्यात 11 लाखांहून अधिक मतांत फरक होता जेमतेम हजार-अकराशेचा (गणनेनुसार 1,047 किंवा 1,149). पण इतक्या थोड्या फरकाला कोणतेही कारण पुरते. 29 ऑक्टोबरला पाद्री सॅम्युअल बर्चर्ड यांनी ब्लेन यांच्यासमोर कॅथलिकांना दुखावणारे उद्गार काढले. मद्यबंदी पक्षाच्या उमेदवाराने तेथे सुमारे 25,000 मते घेतली. शिवाय मगवंपांचा जोर जेथे मोठा, त्या मॅसॅच्युसेट्समध्ये ब्लेनच जिंकले. तेव्हा ते अनेक कारणांपैकी एक होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ही उच्चभ्रूंची प्रतिष्ठा टिकवण्याची धडपड होती, अशीही एक मांडणी आहे. नेत्यांचे शिक्षण व व्यवसाय पाहता ती निराधार नाही, पण त्यांनी ज्या पक्षात हयात घालवली तो सोडण्याची किंमत तिच्यात मोजली जात नाही.

1884 नंतर गट म्हणून त्यांची वेगळी ओळख विरत गेली. शुर्झ यांच्यासह काही जण 1898 नंतर फिलिपिन्स अमेरिकेत विलीन करण्याविरुद्धच्या चळवळीत दिसतात.