मोडेम व सिरियल पोर्ट : लिनक्सवरील दोषशोधन

संगणकातील अंकीय संदेश टेलिफोनच्या तारेवरून जाईल अशा स्वरांत बदलणारे व पलीकडून आलेले स्वर पुन्हा अंकांत आणणारे यंत्र म्हणजे मोडेम. संगणक त्याच्याशी ज्या वाटेने एकामागून एक बिट पाठवत बोलतो ती सिरियल पोर्ट. लिनक्स या संगणकाच्या कार्यप्रणालीवर ही जोडी अडली की पहिला संशय मोडेमवर घेतला जातो. दोष मात्र बहुतेक वेळा पोर्टच्या नावात, इंटरप्टमध्ये (उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी दिलेल्या संकेतात), परवानगीत किंवा केबलीत निघतो. सांगली-सातारा भागात डायल-अप केव्हाच मागे पडले. पोर्ट मात्र वजनकाट्यांच्या कृपेने अजून चालू आहे.

पोर्टचे आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० मध्ये आले. त्याची ‘सी’ ही बहुप्रचलित आवृत्ती १९६९ ची. मोडेमला ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा देण्याची रीत १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून पडली. नऊ पिनांच्या जोडणीला सर्रास ‘डीबी-९’ म्हणतात. काटेकोर नाव ‘डीई-९’ आहे, पण दुकानात ते सांगून केबल मिळण्याची शक्यता कमीच.

नावांचा प्रश्न : डॉस-विंडोजमधील कॉम-१ म्हणजे लिनक्समधील टीटीवायएस-०, कॉम-२ म्हणजे टीटीवायएस-१. हा एकाचा फरक नवख्याला हमखास चकवतो. यातील ‘टीटीवाय’ टेलिटाइप या तारेवरून चालणाऱ्या टंकयंत्रावरून आले, याबद्दल वाद नाही. जुन्या लिनक्समध्ये त्याच पोर्टला ‘सीयूए’ हे दुसरे नाव होते, त्याची व्युत्पत्ती मात्र दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एका मतानुसार ते ‘कॉल-आउट’ म्हणजे बाहेर फोन लावणे यावरून आले. दुसरे मत ते आपोआप नंबर फिरवणाऱ्या ‘ऑटोमॅटिक कॉलिंग युनिट’ या वेगळ्या उपकरणाशी जोडते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ‘सीयू’ या आज्ञेसाठी नंबर फिरवणारे उपकरण सीयूए-० आणि प्रत्यक्ष लाइन सीयूएल-० अशी दोन निरनिराळी नावे आढळतात. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिले बहुधा मागाहून सुचलेले स्पष्टीकरण असावे.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. पोर्ट वापरात घेणारा प्रोग्रॅम त्याच्या नावाची कुलूप-फाइल करून ठेवतो. एकाने सीयूए-१ ला आणि दुसऱ्याने टीटीवायएस-१ ला कुलूप लावले तर दोघांनाही पोर्ट मोकळाच दिसतो आणि एकाची अक्षरे दुसरा पळवतो. १९९९ च्या २.२ कर्नेलपासून (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) सीयूए वापरल्यास इशारा मिळू लागला व पुढे ते नाव गेले. ‘मोडेम’ नावाची जोड-फाइल (पोर्टकडे बोट दाखवणारे दुसरे नाव) करून ठेवणाऱ्यांच्या वाट्याला हाच घोळ पुढेही आला. उलट, वीज जाऊन संगणक मध्येच बंद पडला की जुने कुलूप तसेच राहते आणि पोर्ट ‘व्यस्त’ असल्याचे कळते. अशा वेळी फाइलीत ज्याचा क्रमांक आहे ती प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) अजून जिवंत आहे का ते पाहावे. नसल्यास कुलूप खुशाल काढावे.

इंटरप्टचा घोळ : पीसीच्या जुन्या मांडणीत पहिला व तिसरा पोर्ट मिळून इंटरप्ट ४, तर दुसरा व चौथा मिळून ३ वापरतात. पहिल्यावर माउस आणि तिसऱ्यावर मोडेम असला की माउस हलवताच जोडणी गोठे. येथे पोर्टची मांडणी दाखवणारी व बदलणारी ‘सेटसिरियल’ ही आज्ञा उपयोगी पडते, पण तिच्याबद्दल एक गैरसमज रूढ आहे. तिने दाखवलेला इंटरप्ट कार्डावरून वाचलेला असतोच असे नाही. तो कर्नेलची समजूत काय आहे एवढेच सांगतो. समजूत चुकीची असली तरी पोर्ट पुरता मरत नाही. अक्षरे येतात, पण थांबून थांबून, काही सेकंदांनी. एवढ्या एका लक्षणावरून इंटरप्टचा दोष ओळखता येतो. अक्षरे मधूनमधून गळत असतील तर पोर्टच्या चिपचे नाव पाहावे : ८२५० व १६४५० मध्ये साठवण नाही, १६५५०ए मध्ये १६ अक्षरांची आहे. सेकंदाला १,१५,२०० बिट या वेगाने दर ८७ मायक्रोसेकंदांना एक अक्षर येते. साठवण नसेल तर प्रत्येक अक्षर तेवढ्या वेळात उचलावे लागते.

असेंबल केलेल्या संगणकांत स्वस्त पडणारे ‘विनमोडेम’ हा प्रकार निराळा. त्यांचे काम चिपऐवजी विंडोजचा ड्रायव्हर करी, त्यामुळे लिनक्सला तेथे पोर्टच दिसत नसे. ल्यूसंट चिपसारख्या काहींसाठी ड्रायव्हर निघाले. बाकीच्यांवर बाहेरचा सिरियल मोडेम हाच उपाय.

टेलिफोनची बाजू : पोर्ट नीट असून मोडेम ‘नो डायलटोन’ म्हणत असेल तर लाइन मेलेली आहेच असे नाही. अमेरिकी मोडेम ३५० व ४४० हर्ट्‌झच्या जोडस्वराची वाट पाहतो, भारतीय डायलटोन ४०० हर्ट्‌झचा आहे. ‘एटीएक्स३’ दिल्यावर मोडेम स्वराची वाट न पाहता नंबर फिरवतो. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटण पट्ट्यात केबलच्या जोडात पाणी शिरून होणारी खरखर आणि वळवाच्या विजेने जळणारा मोडेम, यांवर कोणतीही आज्ञा चालत नाही.

या भागातील संगणक-जोडणीचे परिचित उदाहरण म्हणजे १९९८ मध्ये सुरू झालेला, गावे संगणकांनी जोडण्याचा वारणेचा प्रकल्प. त्यात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे होती. लिनक्सचा इतिहास म्हणून मात्र तो सांगता येत नाही.

वजनकाटा : गळीत हंगामात उसाची ट्रॉली काट्यावर चढते, इंडिकेटरवर (वजन दाखवणाऱ्या पेटीवर) आकडा उमटतो, पण संगणकावर येत नाही; मागे रांग वाढत जाते. प्रथम केबल इंडिकेटरपासून सोडवून त्या टोकाशी दोन व तीन क्रमांकाच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडाव्यात, फ्लो कंट्रोल (अक्षरे थांबवण्या-सोडण्याचा संकेत) बंद ठेवावा आणि ‘मिनिकॉम’ या पोर्टशी बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काही टाइप करावे. अक्षरे परत दिसली तर पोर्ट व केबलीतील या दोन तारा ठीक आहेत. इंडिकेटर जोडल्यावर कचरा दिसत असेल तर वेग किंवा पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) जुळत नाही. काहीच येत नसेल तर याच दोन तारांची अदलाबदल करून पाहावी. ‘परवानगी नाही’ असे आल्यास वापरकर्त्याला डेबियन या लिनक्सच्या प्रकारात ‘डायलआउट’ गटात घालावे. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन काम भागवण्याची सवय वाईट.

नव्या संगणकांत पोर्ट नसल्याने यूएसबी कन्व्हर्टर लावतात. प्रोग्रॅमने पोर्ट धरून ठेवलेला असताना कन्व्हर्टर निघाला व पुन्हा बसवला की टीटीवाययूएसबी-० चा टीटीवाययूएसबी-१ होतो आणि काट्याचा प्रोग्रॅम जुन्याच नावाशी बसून राहतो. ‘डेव्ह’ या उपकरणांच्या फोल्डरातील ‘सिरियल’खालच्या ‘बाय-आयडी’ फोल्डरातील नाव दिल्यास हे टळते. शिवाय ‘मोडेममॅनेजर’ ही सेवा नवे यूएसबी उपकरण मोडेम आहे का हे पाहण्यासाठी त्याला एटी आज्ञा पाठवू शकते. पलीकडे वजनकाटा असला तरी तिला ते ठाऊक नसते. युडेव्हचा (उपकरणांना नावे देणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेचा) नियम लिहून तो कन्व्हर्टर तिच्या यादीतून वगळावा. संगणकाला मोडेम नसेलच, तर ती सेवा काढून टाकलेली बरी.