मंजूर मजकूरही एसएमएसच्या चाळणीत का अडकतो

द्राक्षबागायतदारांच्या गटाने पाठवलेला फवारणीचा सल्ला किंवा पतसंस्थेची हप्त्याची आठवण सभासदाला मिळाली नाही, की नाशिक जिल्ह्यात पहिला दोष रेंजला दिला जातो. पण अनेकदा तो एसएमएस टॉवरपर्यंत गेलेलाच नसतो. ऑपरेटरच्या चाळणीतच तो गळालेला असतो. ही चाळणी मजकुराचा अर्थ लावत नाही, नोंदवलेल्या नमुन्याशी तो जुळतो का एवढंच बघते. म्हणून शुद्ध हेतूचा मजकूर एका अक्षरावरून अडतो आणि साध्या दहा आकडी सिमवरून येणारी फसवणूक या नमुन्यांच्या जुळणीत येतच नाही.

सुरुवात झाली २००७ मध्ये. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने नको असलेल्या जाहिरातींसाठी ‘डू नॉट कॉल’ नोंदणी आणली. तेव्हा प्रश्न फक्त घेणाऱ्याच्या नंबरचा होता. २७ सप्टेंबर २०११ पासून पाठवणाऱ्यावर मर्यादा आली: एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएस, काही आठवड्यांतच २००. स्पॅमवाल्यांनी जास्त सिम घेतली; अडचण झाली ती एकाच फोनवरून सगळ्या सभासदांना निरोप धाडणाऱ्यांची.

खरा बदल १९ जुलै २०१८ च्या नियमावलीने केला. व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्या संस्थेची, तिच्या सहा अक्षरी हेडरची (एसएमएसवर दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि प्रत्येक मजकुराच्या टेम्प्लेटची, म्हणजे ठरावीक नमुन्याची, डीएलटी या ब्लॉकचेनवर (ऑपरेटरांच्या सामायिक डिजिटल नोंदवहीवर) आधारलेल्या यंत्रणेत नोंद सक्तीची झाली. ८ मार्च २०२१ रोजी ऑपरेटरांनी प्रत्येक एसएमएस या नोंदींशी ताडून पाहायला सुरुवात केली आणि देशभर बँकांचे ओटीपी अडकले. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ही तपासणी सात दिवसांसाठी थांबवावी लागली. बऱ्याच संस्थांनी टेम्प्लेट नोंदवलेच नव्हते, काहींचा नोंदवलेला मजकूर आणि सर्व्हरवरून जाणारा मजकूर वेगळा होता.

हा दुसरा प्रकार आजही सर्वांत जास्त छळतो, मराठीत तर अधिकच. टेम्प्लेटमध्ये बाजारभाव, तारीख, गाव अशा बदलत्या जागा सोडता येतात. एका जागेत साधारण ३० अक्षरं मावतात. बाकी मजकूर जसाच्या तसा लागतो. जास्तीची एक स्पेस, नवी ओळ, वर्डमधून आलेलं वळणदार अवतरणचिन्ह एवढंही एसएमएस अडायला पुरतं. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण जुळणी त्यामागच्या युनिकोड क्रमांकांची, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांची होते. नमुना एका कीबोर्डवर आणि रोजचा मजकूर दुसऱ्यावर टाइप केला, की गाडी इथेच अडते.

लांबीचा हिशेबही वेगळा. इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीला ७०, आणि मजकूर लांबला तर प्रत्येक भागाला ६७. मात्रा आणि अनुस्वार स्वतंत्र मोजले जातात; ‘पिंपळगाव बसवंत’ एवढंच लिहिलं तरी १४ खर्ची पडतात.

चाळणीची भोकं पुढे आणखी बारीक झाली. १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी मंजूर न केलेली लिंक असलेला एसएमएस अडवला जातो. ११ डिसेंबर २०२४ पासून संस्था ते ऑपरेटर यांमधल्या प्रत्येक मध्यस्थाची साखळीही नोंदलेली लागते. बल्क एसएमएसचा पुरवठादार बदलून ही साखळी नव्याने न जोडल्यास टेम्प्लेट मंजूर असूनही एसएमएस परत येतात.

तक्रारीआधी डिलिव्हरी अहवाल काढावा. टेम्प्लेट न जुळल्याचा शेरा असेल, तर मजकूर डीएलटी पोर्टलवरूनच कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये घ्यावा, फक्त बदलत्या जागा भराव्यात आणि एकाच नंबरवर पाठवून बघावा. शेरा साखळीचा असेल, तर पुरवठादाराला गाठावं, मजकुराला हात लावू नये. आणि अहवालात ‘पोहोचला’ असं असूनही सभासद ‘आला नाही’ म्हणत असेल, तर त्याच्या फोनमधला स्पॅम फोल्डर उघडायला सांगावं; तिथली चाळणी फोनमधल्या ॲपची असते, तिचा डीएलटीशी संबंध नाही.