चार्ल्सटन : लोकजीवन आणि कर्तबगार माणसे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दक्षिण कॅरोलायना राज्याचे हे जुने बंदर ॲशली आणि कूपर या नद्यांच्या मधल्या भूभागावर वसले आहे. इंग्रजांनी १६७० मध्ये जवळच वसाहत केली आणि दहा वर्षांनी ती आजच्या जागी हलवली. भात आणि नीळ यांच्या व्यापारावर शहर गबर झाले. ही शेती पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या घामावर, आणि भातशेतीतल्या त्यांच्या जाणकारीवरही, उभी होती. उत्तर अमेरिकेत आणलेल्या गुलामांपैकी सुमारे ४० टक्के याच बंदरात उतरवले गेले, असे मानतात. म्हणून चार्ल्सटनची ओळख हवेल्यांच्या मालकांपासून सुरू करणे अन्यायाचे ठरेल. ज्यांच्या हातांनी शहराला रूप दिले, त्यांच्यापासूनच ती करून द्यायला हवी.

पर्यटक इथल्या लोखंडी फाटकांचे फोटो काढतात. त्यांतली कित्येक फिलिप सिमन्स (१९१२–२००९) या कृष्णवर्णीय लोहाराने घडवली. तेराव्या वर्षी ते पीटर सिमन्स यांच्या भट्टीवर उमेदवारीला लागले. दोघांचे आडनाव एक असले तरी नाते नव्हते; हे गुरू गुलामगिरीत जन्मलेले होते. घोडागाड्या गेल्या, नाल ठोकण्याचे काम आटले, तेव्हा सिमन्स जाळ्या, कठडे आणि फाटकांकडे वळले. शहरात त्यांची पाचशेहून अधिक कामे आहेत. गॅड्सडेन हाउसच्या फाटकावर त्यांनी वेटोळे घातलेला खुळखुळ्या साप घडवला. सापाचा डोळा जिवंत दिसेना, म्हणून मनासारखा जमेपर्यंत ते तो पुन्हा पुन्हा करत राहिले. १९८२ मध्ये त्यांना लोककलावंतांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला.

सेप्टिमा क्लार्क (१८९८–१९८७) यांचे काम डोळ्यांना दिसत नाही, पण मोलाने तसूभरही कमी नाही. त्या शिक्षिका होत्या. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सभासदत्व सोडायला नकार दिल्याने १९५६ मध्ये त्यांची नोकरी गेली. त्या काळी मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे, आणि कृष्णवर्णीयांना दूर ठेवण्यासाठी ही अट हमखास वापरली जाई. जवळच्या जॉन्स बेटावरचे ईसॉ जेंकिन्स मजुरांना बसने शहरात नेता-आणता वाटेतच हा उतारा शिकवत. त्यातूनच १९५७ मध्ये क्लार्क यांच्या पुढाकाराने बेटावर प्रौढांचा वर्ग निघाला. पुढे दुकान, मागच्या खोलीत शाळा. बाहेरच्याला संशय येऊ नये हा हेतू. शिकवायला निवडल्या बर्निस रॉबिन्सन. त्या केशभूषा करणाऱ्या. गिऱ्हाईक सगळे आपल्यातले, त्यामुळे गोऱ्या मालकाने कामावरून काढण्याचा धाक नाही. स्वतःची सही करणे, मनीऑर्डरचा फॉर्म भरणे इथपासून धडे सुरू झाले. पुढे हे वर्ग दक्षिणेतल्या राज्याराज्यांत पसरले आणि हजारो लोक मतदार झाले. क्लार्क १९७५ मध्ये चार्ल्सटनच्याच शाळा मंडळावर निवडून आल्या.

पाद्री डॅनियल जेंकिन्स यांच्या अनाथाश्रमाचे (१८९१) मुलांचे वाद्यपथक, १९३१ चा जुन्या वस्तीच्या जतनाचा कायदा आणि १९७७ पासून भरणारा स्पोलेटो कला महोत्सव हेही शहराचे मानबिंदू आहेत.

किनाऱ्यालगतच्या बेटांवर इंग्रजी आणि आफ्रिकी भाषांच्या मिश्रणातून घडलेली गुल्ला बोली अजून कानावर पडते. गुल्ला समाजाची ओळख म्हणजे स्वीटग्रास गवताच्या टोपल्या. चुंबळीसारखे गवताचे वळसे एकावर एक चढवून ते ताडपत्राच्या पट्टीने शिवतात. भोक पाडायला बहुधा चमच्याची घासून टोकदार केलेली दांडी वापरतात. मुळात हे भात पाखडायचे सूप होते. मेरी जॅक्सन यांनी याच विणीतून शिल्पाच्या तोडीच्या टोपल्या घडवल्या आणि २००८ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळवला. माउंट प्लेझंट भागात महामार्गाकडेच्या टपऱ्यांवर बायका आजही विणत बसतात. मात्र किनाऱ्यावर बंगले आणि खासगी वसाहती उठल्याने गवताची जुनी कुरणे बंद झाली असून, कारागिरांना गवतासाठी जॉर्जिया आणि फ्लोरिडापर्यंत जावे लागते.