जहाजावरील दिशादर्शक शब्द

माणूस वळला की त्याचा डावा-उजवा बदलतो; जहाजाचा बदलत नाही. म्हणून जहाजावरच्या बाजूंना स्वतंत्र नावे आहेत. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड केल्यावर डाव्या हाताची बाजू ‘पोर्ट’ आणि उजव्या हाताची ‘स्टारबोर्ड’. खलाशी पाठमोरा उभा राहून दोर ओढत असला तरी पोर्ट तीच. नाळेकडचे ते ‘फॉरवर्ड’, पिछाडीकडचे ‘आफ्ट’, आणि जहाजाच्या लांबीशी काटकोनात, अगदी बगलेला असलेले ‘अबीम’. नेरूळजवळ करावे येथील ‘टी. एस. चाणक्य’ या प्रशिक्षण संस्थेतून बोटीवर जाणाऱ्या मुलांची रोजची भाषा हीच.

उत्तर युरोपातल्या जुन्या नौकांना मागे मधोमध सुकाणू नसे. उजव्या कडेला रुंद वल्हे बांधून दिशा धरत. ‘स्टारबोर्ड’ म्हणजे मुळात सुकाणूची बाजू. डाव्या बाजूला पूर्वी ‘लारबोर्ड’ म्हणत. भर वाऱ्यात दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत, आणि समुद्रात अशी चूक जिवावर बेतते. ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये ‘लारबोर्ड’ बंद करून ‘पोर्ट’ रूढ केला. त्या काळच्या हिंदुस्थानी खलाशांच्या बोलीत मात्र स्टारबोर्डला ‘जमणा’ आणि पोर्टला ‘डावा’ म्हणत. जमणा म्हणजे उजवा, हा गुजरातीतून आलेला शब्द.

रात्री हे शब्द दिव्यांत उतरतात. पोर्टला लाल, स्टारबोर्डला हिरवा. प्रत्येक दिवा सरळ पुढून बाजूकडे ११२.५ अंशांपर्यंत दिसतो. पिछाडीचा पांढरा दिवा उरलेले १३५ अंश भरून काढतो. ठाणे खाडीच्या तोंडाशी, न्हावाशेव्याच्या बाजूला अंधारात लाल आणि हिरवा एकदम दिसले, तर जहाज थेट आपल्याकडे येत आहे. नुसता लाल दिसला, तर ते आपल्या उजवीकडून डावीकडे चालले आहे. दोन यांत्रिक जहाजांच्या वाटा अशा छेदत असतील आणि टक्करीचा धोका असेल, तर ज्याला दुसरे आपल्या स्टारबोर्डला दिसते त्याने बाजूला व्हायचे.

‘नाळ’ हा आपला अस्सल दर्यावर्दी शब्द आहे. मराठीत लिहिताना ‘पुढचा भाग’ असे गुळमुळीत न लिहिता तोच वापरावा. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात ओहोटीला चिखलात टेकलेल्या होड्या पाहाव्यात: वर उचललेली, निमुळती होत गेलेली ती नाळच.