पाऊस नेमका कोणाचा? बायबलमधल्या ईश्वरी सत्तेची पार्श्वभूमी

वारा, पाऊस, राज्यांचे उदयास्त, सगळे एकाच देवाच्या हाती आहे, हे आज बायबल वाचणाऱ्याला गृहीतच वाटते. हे प्रथम बोलले गेले तेव्हा मात्र तो उघड वाद होता. प्राचीन पश्चिम आशियात देवांनी कामे आणि मुलूख वाटून घेतले होते. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा येथे १९२९ पासून झालेल्या उत्खननात उगारित नगरातल्या मातीच्या पाट्या मिळाल्या. त्यांतला बआल हा मेघांवर स्वार होणारा वादळाचा देव. तो समुद्राला, म्हणजे यम्मला, हरवतो. मोत या मृत्युदेवापुढे मात्र काही काळ त्याचेही चालत नाही. बायबलमधल्या १०४ व्या स्तोत्रात मेघांना रथ करणारा परमेश्वर आहे. बआलचे वाहन असे परमेश्वराकडे येणे हा योगायोग मानणे मला कठीण वाटते.

हा वाद सर्वांत रंगतो तो इ.स.पू. नवव्या शतकात, एलीया या संदेष्ट्याच्या कथेत. इस्राएलचा राजा अहाब याची राणी ईजबेल सीदोनच्या राजाची मुलगी आणि बआलची कट्टर उपासक. एलीया तिच्या राज्यात अवर्षण जाहीर करतो, म्हणजे थेट बआलच्याच खात्यावर घाव घालतो. पुढे त्याला आसरा मिळतो तो सारफथात, तेही सीदोनच्याच मुलखात. एलीयाच्या प्रार्थनेवर कर्मेल डोंगरावर आकाशातून पडलेला अग्नी सर्वांना आठवतो; पण त्या अध्यायाचा शेवट पावसाने होतो, आणि खरा मुद्दा तोच आहे. दोनच अध्यायांनंतर इस्राएलशी लढणाऱ्या अरामी (सीरियाच्या) राजाचे सल्लागार म्हणतात, इस्राएलचा देव डोंगरांचा आहे, आपण मैदानात लढू. मैदानातही ते हरतात.

निसर्गाचा प्रश्न असा सुटला, पण राज्यांच्या उदयास्तांचा अधिक अवघड होता. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम आणि तिथले परमेश्वराचे मंदिर जाळले. त्या काळच्या हिशेबाने बाबेलचा देव मर्दुक जिंकला होता. यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाने हा हिशेबच नाकारला: परमेश्वर हरला नव्हता, पराभवही त्याच्याच हातून आला होता. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल घेणारा पारसी (इराणी) राजा कोरेश तर तिथे चक्क परमेश्वराचा अभिषिक्त, म्हणजे त्याने निवडलेला, ठरतो. त्याच ४५ व्या अध्यायात प्रकाश आणि अंधार, शांती आणि अरिष्ट, दोन्हींचा कर्ता एकच असल्याचे म्हटले आहे. दोन देवांत दोष वाटून टाकण्याची सोय त्या वाक्याने संपवली.

मग निर्दोषाचे दुःखही त्याच देवाकडून येते काय? ही अडचण ईयोब या निर्दोष पण दुःखी माणसाच्या ग्रंथात उघडी पडते. तिथे वावटळीतून देवाचे उत्तर येते ते प्रश्नांच्या रूपात. माणूसच नसलेल्या रानात पाऊस कोण पाडतो, हाही त्यातलाच एक. एस्तेरच्या हिब्रू ग्रंथात तर देवाचे नावही नाही, फक्त पारसी राजाची एका रात्री उडालेली झोप आहे आणि तिच्यामुळे पालटलेले यहुद्यांचे दैव.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात गालीलच्या सरोवरातले वादळ येशू शब्दाने शांत करतो, तेव्हा शिष्य अधिकच घाबरतात. स्तोत्रे पाठ असलेल्या यहुद्यांना समुद्राला गप्प करणे हे कोणाचे काम, हे ठाऊक होते. मात्र यरुशलेमजवळच्या शिलोहातला बुरूज कोसळून १८ माणसे मेली, त्यांच्याविषयी बोलताना, ते इतरांहून अधिक पापी होते काय, या प्रश्नाला येशू स्वतःच 'नाही' असे उत्तर देतो. बुरूज का पडला, हे तो सांगत नाही.