वॅट नव्हे, चॅनेल : ठाणे-नवी मुंबईतल्या ध्वनिमांडणीच्या अ‍ॅम्प्लिफायरची पार्श्वभूमी

वागळे इस्टेटमधला रिकामा गाळा असो की वाशीतलं प्रदर्शन, बारा-सोळा स्पीकरांची ध्वनिमांडणी (जागेत स्पीकर मांडून त्यांतून वेगवेगळे आवाज ऐकवणारी कलाकृती) करायची ठरली की पहिला प्रश्न येतो, 'अ‍ॅम्प्लिफायर किती वॅटचा घ्यायचा?' हा प्रश्न मंडपातून आलेला आहे. मोकळ्या रस्त्यावर दीडशे-दोनशे माणसांपर्यंत निवेदन पोचवायचं तर वॅट लागतात. खोलीत हिशेब वेगळा असतो. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा, म्हणजे १ वॅटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल देणारा, साधा स्पीकर १ वॅटवर दोन मीटर अंतरावर सुमारे ८१ डेसिबल देतो. असे सोळा स्पीकर वेगवेगळे आवाज घेऊन एकदम चालले, तर त्यात आणखी जवळपास १२ डेसिबलची भर पडते. म्हणजे दर स्पीकरमागे १० वॅट मिळाले तरी पुष्कळ झाले. खरी टंचाई वॅटची नसते, एकमेकांत न मिसळणाऱ्या वाटांची, म्हणजे चॅनेलची असते.

अनेक स्पीकर लावून आवाज जागेत फिरवण्याची कल्पना जुनी आहे. १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनातल्या एका मंडपात शेकडो स्पीकर भिंतींवर बसवून आवाज ठरावीक मार्गांनी फिरवला होता. १९७० च्या दशकात पॅरिसमध्ये स्पीकरांचा अख्खा वाद्यवृंद उभा राहिला. आपल्याकडे त्याच सुमारास अनेक स्पीकर म्हणजे १०० व्होल्ट लाइनवर (एकाच तारेवर अनेक भोंगे चालवण्याची पद्धत) टांगलेले भोंगे, प्रत्येकाला एक छोटा ट्रान्सफॉर्मर. दहा भोंगे असले तरी आवाज एकच.

कमी पैशांतला खरा पर्याय आला तो किटमुळे, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायच्या संचामुळे. एलए ४४४० हा आयसी (पॉवर अ‍ॅम्प्लिफायरची चिप), १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, अ‍ॅल्युमिनियमची हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा तुकडा), मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून आणलेली पिशवी आणि संध्याकाळभर सोल्डरिंगचे डाग देण्याचं काम. एका आयसीतून स्टिरिओत सुमारे ६-६ वॅट, ब्रिज केला, म्हणजे दोन्ही बाजू एकाच स्पीकरला जोडल्या, तर १९ वॅट. टीडीए २०३० हा असाच दुसरा आयसी. पुढे खोक्यांवर 'पीएमपीओ'चे, म्हणजे क्षणिक कमाल वॅटचे, हजारांतले आकडे छापले जाऊ लागले. त्या आकड्यांना कसलंही प्रमाण नव्हतं. ते फसवे होते हे आता बहुतेकांना कळतं, पण वॅटवरून किंमत ठरवायची सवय मात्र टिकली.

त्याहून मोठा गोंधळ 'चॅनेल' या शब्दाने घातला, आणि तो अजून सुटलेला नाही.

१९९२ पासून डॉल्बी डिजिटलमुळे चित्रपटगृहांत ५.१ डिजिटल आवाज, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सब-वूफर, रुळू लागला. डीव्हीडीबरोबर तो घरी पोचला आणि बाजारात '५.१ अ‍ॅम्प्लिफायर' नावाची वस्तू तयार झाली. या एका नावाखाली तीन निराळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे स्थानिक जुळणीचा ५.१ बोर्ड. त्याला स्पीकर टर्मिनलच्या जोड्या सहा, पण आत येणारी वाट बऱ्याचदा दोनच. मधला आवाज डाव्या-उजव्याच्या बेरजेतून काढलेला, मागचा वजाबाकीतून. सहा वेगळे आवाज पाठवायची सोयच नसल्याने मांडणीसाठी हा निरुपयोगी. दुसरी म्हणजे सब-वूफरच्या पेटीतच सगळा अ‍ॅम्प्लिफायर असलेला संच. याला सहा आरसीए इनपुट (एकेका आवाजाचे गोल सॉकेट) असू शकतात, पण सहाव्या वाटेवर फिल्टर बसवलेला असतो आणि फक्त खर्ज बाहेर पडतो. म्हणजे मोकळी चॅनेल पाचच. तिसरी म्हणजे एव्ही रिसीव्हर, घरच्या चित्रपटांसाठीचा मोठा अ‍ॅम्प्लिफायर. त्यात सब-वूफरसाठी पॉवर स्टेज सहसा नसतेच, नुसता लाइन आउटपुट असतो, म्हणजे थेट स्पीकर न चालवणारा क्षीण सिग्नल. ५.१ रिसीव्हर पाच स्पीकर चालवतो आणि ७.१ सात. विक्रेता 'आठ चॅनेल' म्हणतो तेव्हा तो ठिपक्यापुढचा एकही मोजतो. मांडणी करणाऱ्याने तो सोडून मोजावं. खरेदीआधी मागचं पॅनेल समोर ठेवून स्पीकर टर्मिनलच्या जोड्या मोजाव्यात आणि प्रत्येक इनपुटला एकेक आवाज देऊन तो नेमका एकाच टर्मिनलवर येतो का ते ऐकावं. यासाठी फार तर पाच मिनिटं लागतात.

मागे ५.१ किंवा ७.१ अ‍ॅनालॉग इनपुट असलेले जुने रिसीव्हर या कामाला फार उपयोगी. एचडीएमआय आला, एकाच केबलमधून पीसीएमची (न दाबलेल्या डिजिटल आवाजाची) आठ चॅनेल जाऊ लागली आणि ते सॉकेट हळूहळू नाहीसे झाले. म्हणून वापरलेला रिसीव्हर घेताना सॉकेट आधी पाहावेत, रिमोट नंतर. त्याची दुसरी अडचण कागदावर दिसत नाही. वीज जाऊन परत आली की काही रिसीव्हर स्टँडबायमध्येच राहतात. दहा दिवसांच्या प्रदर्शनात दर वेळी कोणीतरी जाऊन बटण दाबायचं, हे चालत नाही.

चित्र खऱ्या अर्थाने पालटलं ते क्लास-डी आयसी (झपाट्याने चालू-बंद होत काम करणारे, म्हणून कमी तापणारे) स्वस्त झाल्यावर. २०१२ नंतर टीपीए ३११६ चे दोन चॅनेलचे बोर्ड काही शे रुपयांत मिळू लागले. ४४४० च्या हीटसिंकला हात लावणं जड जायचं, हा बोर्ड मांडणीच्या आवाजाला जेमतेम कोमट होतो. सोळा चॅनेलसाठी आठ बोर्ड आणि एक जाळीदार एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी) पुरतो. २४ व्होल्ट १५ अँपिअरचा घेऊन त्यावरच्या 'अ‍ॅडजस्ट' स्क्रूने २१-२२ व्होल्टवर उतरवावा. आयसीची शिफारस केलेली कमाल २६ व्होल्ट असली, तरी काही बोर्डांवरचे कॅपॅसिटर २५ व्होल्टचेच असतात.

हे बोर्ड बिघडतात ते बहुधा जोडणीतल्या चुकांमुळे. या आयसीचं आउटपुट ब्रिज असतं, म्हणजे स्पीकरची काळी तारही जिवंत असते. १०० व्होल्ट लाइनच्या सवयीने सगळ्या काळ्या तारा एकत्र करून 'कॉमन' केल्या की चॅनेल एकमेकांवर शॉर्ट होतात. प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र तारा हव्यात, पूर्ण अंतरभर.

शांत खोलीत ऐकू येणारी बारीक शीळ हा दुसरा त्रास. शेजारच्या बोर्डांची स्विचिंग वारंवारता किंचित वेगळी असली तर त्यांच्यातल्या फरकाचा सूर ऐकू येऊ शकतो. आयसीला त्यासाठी सिंक पिन आहे, पण स्वस्त बोर्डांवर ती सहसा बाहेर काढलेली नसते. अशा वेळी दर बोर्डाला एसएमपीएसपासून स्वतंत्र जाड तारा आणाव्यात आणि बोर्डांमध्ये अंतर ठेवावं. घरघर असेल तर संशय ग्राउंडवर घ्यावा. साउंड कार्ड, लॅपटॉपचा चार्जर आणि एसएमपीएस एकाच प्लगपट्टीवर असावेत. जुन्या गाळ्यांत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मल्टिमीटरने आधीच मोजून घ्यावं. दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर इलेक्ट्रिशियन बोलवावा.

गेनकडे, म्हणजे आत आलेला सिग्नल किती वाढवायचा याकडे, दुर्लक्ष करू नये. आयसीला २०, २६, ३२ आणि ३६ डेसिबल असे चार पर्याय असतात आणि ते रेझिस्टरने ठरतात. ३६ वर सोळा स्पीकरांची मिळून फुसफूस खोलीभर पसरते, २० किंवा २६ वर ती जवळजवळ जाते. बोर्डावरचा दुहेरी व्हॉल्यूम पॉट (आवाज कमी-जास्त करायचं फिरतं बटण) काढून टाकलेला बरा, कारण कमी आवाजाला त्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. दोन स्पीकरांमध्ये उभी केलेली आवाजाची जागा एवढ्या फरकाने सरकते.

तारांचंही तसंच. दीड चौरस मिलिमीटरची तार वीस मीटर नेली तर जाऊन-येऊन सुमारे अर्धा ओहम होतो. ४ ओहमच्या स्पीकरवर त्यात साधारण १ डेसिबल जातो, ८ ओहमवर निम्मा. अ‍ॅम्प्लिफायर एका कोपऱ्यात ठेवून जवळच्याला दोन मीटर आणि लांबच्याला वीस मीटर तार दिली, तर मांडणी आधीच एका बाजूला झुकते. बोर्ड हलके असल्याने ते दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवता येतात. मग पिंक नॉइज (मोजणीसाठी वापरायचा सलग खळखळाट) एकेका चॅनेलवर सोडून, डेसिबल मीटर ऐकणाऱ्याच्या जागी ठेवून, सगळी चॅनेल अर्ध्या डेसिबलच्या आत आणावीत. हे काम सॉफ्टवेअरमध्ये करावं, पॉट फिरवून नव्हे. खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळ्यात स्क्रू टर्मिनलवर हिरवट थर चढतो आणि एखादं चॅनेल मधूनच क्षीण होतं. म्हणून तारांच्या टोकांना लग (धातूच्या टोप्या) दाबून घ्यावेत आणि आठवड्यातून एकदा नॉइज सोडून सोळाही चॅनेल पुन्हा मोजावीत.